घरचा डीव्हीआर की विकतचा? माझा २१,४५० रुपयांचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत दुकानाच्या सीसीटीव्हीचा विषय घेतला होता. व्हिडिओत वेळ कमी असतो, त्यामुळे हिशोब भराभर सांगावा लागला. तो इथे सविस्तर मांडतो. कागद-पेन घेऊन बसा. आकडे माझ्या दुकानाचे आहेत, तुमचे थोडे वेगळे येतील, पण पद्धत तीच राहील.

प्रश्न असा असतो: "सर, घरी जुना कॉम्प्युटर पडून आहे. त्यात फुकटचं सॉफ्टवेअर टाकून डीव्हीआर बनवता येतो म्हणतात. मग दुकानासाठी विकतचा कशाला घ्यायचा?"

बनवता येतो. मी बनवला होता, नऊ महिने चालवला सुद्धा. त्यात पैसे वाचले का, आणि दुसरं काय गेलं, ते आज सांगतो. व्हिडिओत मी एक गोष्ट सांगायचं टाळलं होतं. तीही इथे लिहितो.

आधी शब्द समजून घेऊ

डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्र हार्ड डिस्कवर साठवणारा डबा. साध्या कॅमेऱ्याची जाड गोल वायर मागे बीएनसी पिनने लागते. आयपी कॅमेरे असतील तर त्यांना नेटवर्कची वायर लागते आणि त्या डब्याला एनव्हीआर म्हणतात. काम दोघांचं एकच: चोवीस तास रेकॉर्ड करायचं, डिस्क भरली की सगळ्यात जुनं पुसून नवीन लिहायचं, आणि तुम्ही मागाल तेव्हा "मंगळवार, दुपारी चार" दाखवायचं.

घरचा डीव्हीआर म्हणजे हेच काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं. पूर्वी त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये डीव्हीआर कार्ड बसवायचे. आता आयपी कॅमेऱ्यामुळे कार्डही लागत नाही. ऑनव्हिफ नावाचं एक सामायिक मानक आहे, २००८ पासूनचं. ते पाळणारा कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, त्याचं चित्र कॉम्प्युटरला घेता येतं. झोनमाइंडर, फ्रिगेट, शिनोबी, मोशनआय अशी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ब्लू आयरिससारखं विकतचंही आहे.

घरचा की विकतचा, हा वाद नवा नाही. अमेरिकेत १९९९ साली टिव्हो आणि रिप्लेटीव्ही हे डबे बाजारात आले. टीव्हीवरचा कार्यक्रम हार्ड डिस्कवर साठवायचा आणि सवडीने बघायचा. काही हौशी लोकांना वाटलं, हे आपण घरी का बनवू नये? २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्स या प्रोग्रामरने मिथटीव्ही हे फुकट सॉफ्टवेअर सुरू केलं, आणि लोक जुन्या कॉम्प्युटरचे डीव्हीआर बनवू लागले. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला, त्यातही रेकॉर्डिंगची सोय होती. पण त्या घरगुती डब्यात एखादी मालिका रेकॉर्ड झाली नाही तर फार तर घरातलं कोणीतरी रुसेल. दुकानाचं तसं नसतं.

मी बनवला तो डीव्हीआर

कराडला आमचं स्टेशनरी, झेरॉक्स आणि गिफ्टचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलेलं, बीबीए झाल्यावर मी त्यात उतरलो. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये दुकान पुन्हा नीट सुरू झालं तेव्हा चार कॅमेरे बसवायचं ठरवलं. एका ओळखीच्या माणसाकडून कोटेशन घेतलं. ते असं होतं:

- चार चॅनेलचा डीव्हीआर: ३,२००
- १ टीबी सीसीटीव्हीची हार्ड डिस्क: ४,२००
- चार कॅमेरे, २ मेगापिक्सेल: ५,२००
- वायरचं बंडल: १,५००
- पॉवर सप्लाय: ५५०
- बीएनसी, डीसी पिना: २५०
- बसवण्याची मजुरी: २,०००
- एकूण: १६,९०० रुपये

मी म्हटलं, आपल्याकडे डीटीपीचा जुना कॉम्प्युटर पडलाय, त्यात १ टीबीची डिस्क आहे. कशाला द्यायचे एवढे पैसे? मग माझी यादी अशी झाली:

- चार आयपी कॅमेरे: ८,८००
- पीओई स्विच: २,२००
- नेटवर्कची वायर: १,८००
- पिना: १५०
- कॉम्प्युटर, डिस्क, सॉफ्टवेअर, मजुरी: ०
- एकूण: १२,९५० रुपये

३,९५० रुपये वाचले! शिवाय स्वतः केल्याचा आनंद वेगळाच. दोन रविवार आणि चार-पाच रात्री गेल्या. भिंतीला भोकं पाडली, वायर ओढली, सॉफ्टवेअर तीनदा टाकलं. चौथ्या कॅमेऱ्याचं चित्र आलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. बाबांना उठवून दाखवलं. बाबा म्हणाले, "चांगलंय. आता झोप."

त्यानंतर महिनाभर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तो स्क्रीन दाखवायचो. मग स्क्रीनची वीज कशाला जाळायची म्हणून मॉनिटर काढून ठेवला. ही चूक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विजेचं बिल: ज्या खर्चाची पावती मिळत नाही

बीबीएला आम्हाला "मेक ऑर बाय" असा एक प्रश्न असायचा. बनवायचं की विकत घ्यायचं. मी तो पाठ करून लिहिला होता आणि चांगले मार्कही पडले होते. दुकानात मात्र विसरलो. खरेदीच्या दिवशीचा खर्च तेवढा मोजला, रोजचा मोजलाच नाही.

सहा महिन्यांनी वॉट मीटर लावून बघितलं. कॉम्प्युटर ७५ वॅट खात होता. आता गणित करा:

७५ वॅट × २४ तास × ३० दिवस = ५४ युनिट महिन्याला.

विकतचा डबा डिस्कसकट साधारण १५ वॅट घेतो. म्हणजे १०.८ युनिट. फरक ४३.२ युनिट. दुकानाचं मीटर व्यापारी दराचं असतं. सगळे आकार धरून १२ रुपये युनिट पकडा, तुमच्या बिलावर बघून तुमचा आकडा घाला. ४३.२ × १२ = ५१८ रुपये महिना.

३,९५० भागिले ५१८ म्हणजे साडेसात महिने. आठव्या महिन्यात माझी सगळी बचत विजेच्या बिलात गेली, आणि मला पत्ताही नव्हता. शिवाय मधेच कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय गेला, त्याचे ९०० रुपये वेगळे. माझ्या वेळेची किंमत तर यात धरलेलीच नाही. त्या दोन रविवारी मी काउंटरवर असतो तर?

कोणी म्हणेल, रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर वापरला तर वीज कमी लागते. बरोबर, तो आठ-दहा वॅटच्या आतच चालतो. पण तो नवा विकत घ्यावा लागतो, रेकॉर्डिंगला वेगळी डिस्क लावावी लागते, कारण मेमरी कार्डवर चोवीस तास लिहीत राहिलं की ते लवकर मरतं. म्हणजे "जुनं पडलंय म्हणून फुकट" हा मुद्दाच उरत नाही.

डिस्क किती दिवस पुरते?

हा हिशोब दोन्ही प्रकाराला सारखाच लागू आहे, आणि दुकानदार तो कधीच विचारत नाहीत. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा जुन्या एच.२६४ पद्धतीत साधारण ४ एमबीपीएसने लिहितो. आठने भागा: सेकंदाला अर्धा एमबी. तासाला १.८ जीबी. दिवसाला ४३.२ जीबी. चार कॅमेऱ्यांचे १७२.८ जीबी.

म्हणजे १ टीबीची डिस्क जेमतेम पावणेसहा दिवस!

एच.२६५ पद्धतीत तेवढ्याच चित्राला साधारण निम्मी जागा लागते, म्हणजे साडेअकरा दिवस. आता मला सांगा, दुकानात माल कमी झालेला तुम्हाला कधी कळतो? त्याच दिवशी? नाही. स्टॉक मोजाल तेव्हा, महिनाअखेरीला. तोपर्यंत रेकॉर्डिंग पुसलेलं असतं. म्हणून घेताना "किती टीबी" विचारू नका, "माझ्या चार कॅमेऱ्यांचं किती दिवसांचं राहील" असं विचारा. एच.२६५ आणि २ टीबी घेतली तर तेवीस दिवस मिळतात. डिस्कही सीसीटीव्हीसाठी बनवलेली घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक या प्रकारची. साधी डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

आता ती गोष्ट

२०२२ चा जून. शाळा सुरू व्हायचा आठवडा. स्टेशनरीवाल्याची ती दिवाळीच असते. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, वह्यांचे गठ्ठे बाहेर फुटपाथपर्यंत. आमच्याकडे तेव्हा एक मुलगा कामाला होता, दोन वर्षं झालेली. बारावी करत करत काम करायचा. हिशोबाला पक्का, गिऱ्हाइकाशी गोड.

त्या शनिवारी रात्री गल्ला मोजला तर १८,५०० रुपये कमी. परत मोजले. तिसऱ्यांदा मोजले. झेरॉक्सचे वेगळे काढले, ऑनलाइनचे वेगळे काढले. तेवढेच कमी.

दुपारी मी तासभर जेवायला गेलो होतो. तेव्हा काउंटरला तो मुलगा आणि बाबा होते. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मला काय आठवत नाही रे, किती गर्दी होती." उरला तो मुलगा.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. ओरडलो नाही, पण विचारण्याची पद्धत असते ना, तिच्यातून सगळं कळतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, कॅमेऱ्यात बघा की. मी गल्ल्याला हात पण लावला नाही."

बरोबरच होतं त्याचं. मी मॉनिटर आणून जोडला. समोर कॉम्प्युटरची लॉगिनची स्क्रीन, पासवर्ड मागत होती.

अकरा दिवसांपूर्वी रात्री पावणेतीनला कॉम्प्युटरने स्वतःच अपडेट घेतलं होतं आणि स्वतःच बंद होऊन चालू झाला होता. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लॉगिन केल्यावर सुरू व्हायचं. लॉगिन करायला कोणी नव्हतं. मॉनिटर मी काढून ठेवलेला. पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागत होता, चारही कॅमेऱ्यांचे लाल दिवे रात्री दिसत होते. अकरा दिवस एक सेकंदसुद्धा रेकॉर्ड झालं नव्हतं.

मी त्या मुलाला काय सांगणार? "कॅमेरा बंद होता" म्हटलं तर त्याला वाटणार मी खोटं बोलतोय. आणि मलाही त्या क्षणी वाटून गेलं, की यानेच तर बंद केला नसेल? बघा, एकदा संशय आला की तो कुठपर्यंत जातो. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून कामाला आला नाही.

सहाव्या दिवशी पावती सापडली. वह्यांच्या होलसेलरचा वसुलीचा माणूस त्या दुपारी आला होता. गर्दीत बाबांनी त्याला गल्ल्यातून १८,५०० रोख दिले आणि पावती बिलबुकात घालून ठेवली. ते विसरूनच गेले. त्यात बाबांची चूक म्हणणार नाही, सत्तरी जवळ आलेला माणूस आणि जूनची गर्दी.

मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईला म्हटलं, "काकू, चूक माझी झाली." त्यांनी चहा केला, वाईट काही बोलल्या नाहीत. मुलगा बाहेर आला, म्हणाला, "ठीक आहे दादा." राहिलेला पगार दिला, परत ये म्हटलं. तो आला नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

कॅमेरा आपण चोर पकडायला लावतो. पण त्या दिवशी कळलं की त्याचं त्याहून मोठं काम प्रामाणिक माणसाला वाचवण्याचं आहे. तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग असतं तर बाबा पैसे देताना दिसले असते आणि विषय तिथेच संपला असता. इन्शुरन्स, पोलीस हे सगळं नंतर येतं. रोज आपल्याबरोबर उभा राहणारा माणूस आधी येतो.

पुढच्या आठवड्यात एनव्हीआर आणला, ३,४०० चा. नवीन डिस्क ४,२०० ची. कॅमेरे तेच राहिले. म्हणजे माझा एकूण खर्च: १२,९५० + ९०० + ७,६०० = २१,४५० रुपये. पहिल्याच दिवशी १६,९०० मध्ये काम झालं असतं.

मग विकतचा डबा म्हणजे निर्धास्त?

नाही! इथे बरेच जण चुकतात, म्हणून थोडं थांबू.

विकतच्या डब्याचे फायदे खरे आहेत. वीज गेली-आली की तो आपोआप चालू होतो आणि रेकॉर्डिंग सुरू करतो. जुन्या कॉम्प्युटरला त्यासाठी बायोसमध्ये सेटिंग करावं लागतं, ते माहीत नसेल तर तो बंदच राहतो. डिस्क भरली की डबा आपोआप जुनं पुसतो. वॉरंटी असते, आणि तुम्ही गावाला असलात तरी गल्लीतला कोणीही सीसीटीव्हीवाला येऊन तो बघू शकतो. माझा कॉम्प्युटर माझ्याशिवाय कोणालाच कळत नव्हता. हा त्याचा सगळ्यात मोठा दोष होता.

पण डबाही मुकाट्याने मरतो. डिस्क खराब झाली की तो बीप-बीप करतो, आणि वैतागून आपण तो आवाज बंद करतो. आतल्या छोट्या सेलची ताकद संपली की घड्याळ मागे जातं, मग आजचं रेकॉर्डिंग भलत्याच तारखेला साठतं. तारीख चुकली तर शोधायचं कुठे?

दुसरं म्हणजे पासवर्ड. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. कसे? कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते, त्या पासवर्डची यादीच त्या व्हायरसमध्ये होती. त्या डब्यांची फौज वापरून २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडकल्या. म्हणजे कुठल्याशा दुकानातला डीव्हीआर, मालकाला पत्ता नसताना, अशा हल्ल्यात सामील होऊ शकतो. म्हणून बसवणारा माणूस गेला की पहिलं काम: पासवर्ड बदला, आणि तो डायरीत लिहून ठेवा. नवीन कॅमेरा घेताना बीआयएस नोंदणी बघा. सरकारने एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत.

पोलिसात द्यायची वेळ आली तर

मी वकील नाही, पण एवढं प्रत्येक दुकानदाराला माहीत पाहिजे. पेन ड्राइव्हमध्ये क्लिप दिली की पुरावा झाला असं नसतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डिंगच्या कॉपीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा नमुना कायद्यातच आहे. त्यात कशावरचं रेकॉर्डिंग आहे ते लिहायचं असतं, आणि त्या यादीत डीव्हीआर हा शब्द आहे. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर लिहायचा असतो. फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा अंगठा म्हणा, तीही द्यावी लागते. आणि त्या काळात यंत्र नीट चालू होतं हेही सांगावं लागतं.

आधीच्या कायद्यात हेच कलम ६५बी होतं. त्याचा एक महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून खटला झाला. अर्ज भरतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग त्यात कळीचं होतं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सुप्रीम कोर्ट, जुलै २०२०. कोर्टाने सांगितलं, मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी, पण कॉपी देत असाल तर प्रमाणपत्र सक्तीचं.

आता विचार करा. कायदा घरच्या डीव्हीआरला मनाई करत नाही. पण "यंत्र त्या काळात नीट चालू होतं" यावर सही तुमची असेल. माझ्या त्या कॉम्प्युटरबद्दल मी ती सही करू शकलो असतो का?

मग घरी कोणी बनवावा?

बनवावा, पण कारण बरोबर पाहिजे.

एक, ज्याला सीसीटीव्हीच्या धंद्यात उतरायचंय त्याने जरूर बनवावा. एकदा स्वतः बनवलात की बिटरेट, नेटवर्क, डिस्क, पीओई सगळं हातात येतं. मग गिऱ्हाइकाने "सहा दिवसांचंच का राहतं?" विचारलं तर तुम्ही अडखळणार नाही. हे शिक्षण समजा, तो खर्च फीमध्ये धरा. पण तो आपल्या घरी लावा, गिऱ्हाइकाच्या दुकानात नाही.

दोन, ज्याला साध्या डब्यात नसलेली गोष्ट हवी आहे. फ्रिगेटसारखं सॉफ्टवेअर चित्रातली माणसं, गाड्या ओळखतं. तुमचं गोडाऊन मोठं असेल आणि सांभाळणारा जाणकार माणूस पगारावर असेल, तर बनवा.

तीन, विकतचा डबा आहेच आणि वर दुसरी कॉपी म्हणून घरचा चालवायचा आहे. उत्तम! पण आधी पहिला डबा.

"चार पैसे वाचतील" हे एकच कारण असेल तर नको.

कुठल्याही वस्तूला लावा हे तीन प्रश्न

हा लेख डीव्हीआरचा असला तरी धंद्यात हा प्रश्न रोज येतो. बिलिंगचं सॉफ्टवेअर भाच्याकडून बनवून घ्यायचं की विकत घ्यायचं? मसाल्याची पाकिटं घरी सील करायची की बाहेरून करून घ्यायची? प्रत्येक वेळी हे तीन प्रश्न विचारा.

पहिला: हे बंद पडलं तर मला कधी कळेल? झेरॉक्स मशीन बंद पडलं की त्याच मिनिटाला कळतं, गिऱ्हाईक समोर उभं असतं. डीव्हीआर, बॅकअप, आग विझवायचा सिलिंडर, यांचं बंद पडणं ज्या दिवशी गरज लागते त्याच दिवशी कळतं. अशा वस्तूत जुगाड करू नका.

दुसरा: मी नसताना हे कोण दुरुस्त करेल? उत्तर "कोणीच नाही" असेल, तर ती वस्तू फुकट नाही. तुम्ही तिचे बिनपगारी नोकर आहात.

तिसरा: हे बनवताना जे शिकेन ते मला विकता येईल का? येत असेल तर तोटा सोसूनही बनवा.

आजचा गृहपाठ

दुकानात कॅमेरे असतील तर दर सोमवारी पाच मिनिटं काढा. मी मोबाईलवर अलार्म लावलाय.

- लाइव्ह चित्र बघून समाधान मानू नका. काल दुपारी चारचं रेकॉर्डिंग लावून बघा, चारही कॅमेऱ्यांचं.
- सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचं आहे ते वहीत लिहा. दिवस अचानक कमी झाले तर काहीतरी बिघडलंय.
- डब्याचं घड्याळ मोबाईलशी जुळवा.
- महिन्यातून एकदा एक क्लिप पेन ड्राइव्हवर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून बघा. घाईच्या वेळी शिकायला बसू नका.
- हे सगळं घरातल्या किंवा दुकानातल्या आणखी एका माणसाला शिकवा.

ज्यांचं दुकान अजून सुरू व्हायचंय त्यांनी आपल्या खर्चाच्या यादीत "फुकट" किंवा "घरचंच आहे" असं जिथे जिथे लिहिलंय, त्यापुढे महिन्याची वीज, आपले तास आणि बंद पडण्याचा धोका असे तीन रकाने आखा. मग बेरीज करा.

तो मुलगा आता आमच्याच रस्त्यावर एका मेडिकलमध्ये आहे. येता-जाता दिसला की "दादा" म्हणून हात करतो. मीही करतो. दुकानात नवीन मुलगा ठेवला त्या पहिल्या दिवशी त्याला एनव्हीआर दाखवला आणि रेकॉर्डिंग कसं काढायचं ते शिकवलं. त्याला सांगितलं, "हा डबा जितका माझा आहे तितकाच तुझा आहे. कधी गरज लागली तर मला न विचारता बघ."

चला, आता मोबाईल बाजूला ठेवा आणि कालच्या दुपारी चारचं रेकॉर्डिंग लावून बघा. भेटू पुढच्या आठवड्यात!